बाबूसिंगचा तिसरा बैल

धावजी नाइकाच्या तांड्यात बैलाला भिणारा माणूस एकच होता, आणि त्याचे नाव डोंगरसिंग.

माणसाने कशाला भ्यावे याचा काही कायदा नाही. कुणी सापाला भितो, कुणी पटवाऱ्याला, कुणी सख्ख्या बायकोला. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हजार हजार बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख तुडवला, त्या गोरमाटीच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, पोटी जन्मायचे आणि समोरून बैल आला की बाभळीवर चढायचे, हे जरा अतीच झाले. सहा वर्षांचा असताना एका गोऱ्ह्याने त्याला शिंगावर घेऊन शेणाच्या ढिगावर भिरकावले होते. गोऱ्हा म्हातारा होऊन मेला, ढिगाचे खत होऊन तीस वेळा शेतात गेले, पण डोंगरसिंगच्या पोटातली भीती काही हलली नाही.

मोटारीची गोडी त्याला लागली ती अशी. मोटारीला शिंगे नसतात. लढाईच्या दिवसांत तो पुलगावला पलटणीच्या डेपोत हमालीला गेला, हमालीतून क्लीनर झाला, क्लीनरचा ड्रायव्हर झाला, आणि पुढे कधीतरी लिलावात निघालेली एक लष्करी गाडी घेऊन भोंगा वाजवतच तांड्यात परतला. गाडी म्हणजे धड ट्रक नाही, धड जीप नाही. पुढे रानडुकरासारखे नाक, मागे उघडा लाकडी डाला, चाके कमरेएवढी, आणि दारावर कुण्या गोऱ्या सोल्जराने काढलेला पांढरा तारा. या गाडीची म्हणे चारही चाके ओढत. पण पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा लिलावाच्या आधीच कुणीतरी काढून नेला होता. राहिली मागची दोन. गाडीबरोबर एक खाकी कोटही मिळाला होता. तो डोंगरसिंग वैशाखातही अंगातून काढत नसे. विचारले तर म्हणे, "ड्रायव्हरची वर्दी हाये."

वर्षातले आठ महिने ही गाडी म्हणजे तांड्याचा मान. वणीच्या बाजारातून मीठ आणायचे, रॉकेलचे डबे आणायचे, छपराची टिने आणायची, अडलेली बाई दवाखान्यात न्यायची. सगळीकडे डोंगरसिंग. मग मृग लागायचा. वणीकडची काळी माती ज्याने पाहिली आहे त्याला पुढचे सांगायला नको. उन्हाळ्यात तिच्या भेगांत मांजर हरवते, पावसाळ्यात मोटार. तांड्याच्या अलीकडे टेंभीचा नाला आहे. त्या नाल्याच्या चढावर गाडी आली की एक चाक गरगर गरगर फिरायचे आणि दुसरे चाक जणू आपला या गाडीशी काही संबंधच नाही अशा तोऱ्यात ढिम्म उभे राहायचे. मग डोंगरसिंग खाली उतरून, कोट चिखलातून सावरत, बाबूसिंगच्या दारी जायचा.

बाबूसिंग हा तांड्यातला पहिल्या नंबरचा गाडीवान. त्याची पवळ्या-शेंड्या ही जोडी म्हणजे दोन पांढरे हत्तीच. तो बैल घेऊन यायचा, साखळी लावायचा आणि गाडी बाहेर काढायचा. डोंगरसिंग त्या वेळी चांगला वीस हात लांब, झाडाआड उभा. गाडी निघाली की बाबूसिंग हाक मारायचा, "ये बाप्पा, ये! बैल सोडले. आता तुया मोटारीले घाबरू नको."

एका पावसाळ्यात असे पाच वेळा झाले, आणि तांड्याने त्या गाडीचे नाव ठेवले: बाबूसिंगचा तिसरा बैल. पवळ्या, शेंड्या आणि तिसरा लंगडा.

एवढेच असते तर डोंगरसिंगने कानाडोळा केला असता. पण बाबूसिंगच्या मुलीशी, मानीशी, त्याची सगाई झालेली होती. नाइकासमोर गूळ खाल्ला होता. पस्तिशीला टेकलेल्या डोंगरसिंगला मुलगी मिळाली होती ती मोटारीच्या जोरावर, आणि आता त्याच मोटारीपायी जाते की काय अशी पाळी आली.

झाले असे, की आखाडात सहाव्यांदा गाडी फसली. त्यात डाल्यात धावजी नाइक स्वतः बसलेले. नाइक भिजले, पागोटे नाल्यातून वाहून गेले. संध्याकाळी तांड्याची बैठक बसली आणि बाबूसिंग उठला. बोलणे अर्थात गोरबोलीत झाले. वऱ्हाडीत आणताना त्यातले अर्धे तिखट गळाले आहे.

"नाइक," बाबूसिंग म्हणाला, "माया बैलाइनं या पोट्ट्याची गाडी सहा डाव काढली. उद्या लगन झाल्यावर याचा संसारबी मायेच बैल वढतीन काय? एक सांगून ठेवतो. पोळ्यापावतर माया बैलाले त्या लोखंडाले एकदा जरी जुंपा लागलं, तर सगाई मोडली. अन् ते लोखंड मोडीत घालाचं. मंग यानं गुमान कासरा धरणं शिकाव."

कासरा म्हणताच डोंगरसिंगने जवळची बाभूळ कुठे आहे ते पाहून घेतले. पण चारचौघांत माघार कशी घ्यायची? छातीवरचे कोटाचे बटन लावत तो म्हणाला, "कबूल. तुमच्या बैलाचं शेपूटबी माया गाडीले लागनार नाई."

"पक्कं सांग. बैल जुंपले तर?"

"बैल जुंपले तर सगाई मोडली."

नाइकांनी दोघांचे ऐकले, ओले डोके पुसले आणि म्हणाले, "ठरलं." तांड्यात नाइक 'ठरलं' म्हणाले की मग ते दगडावर कोरल्यासारखे असते.

दुसऱ्या दिवशी डोंगरसिंग वणीला, कय्युम मिस्त्रीच्या निंबाखाली. मिस्त्री जिनिंगच्या यंत्रापासून शिवणाच्या मशीनपर्यंत सगळे दुरुस्त करत. घरातले घड्याळ मात्र चार वर्षे बंद होते, आणि ते मिस्त्रींची बायको बिस्मिल्लाबी दर गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवीत.

"चाचा, गाडीत ताकद कमी पडून राह्यली," डोंगरसिंग म्हणाला.

मिस्त्रींनी नाक खाजवले. "ताकद कमी नाही तेरे गाडीत. लेकिन तुले ताकदच पाह्यजे, तर देतो. एक आठ सिलेंडरवालं इंजिन पडेल हाय माह्याकडं. तुह्यं सहाचं काढू, हे टाकू."

आठ दिवस निंबाला साखळी टांगून इंजिन चढवले-उतरवले. बॉनेट बसेना म्हणून त्याला भोक पाडले, पंखा लागू लागला म्हणून पुढची जाळी हातभर पुढे सरकवली. रानडुकराचे नाक आणखी लांब झाले. पण आवाज! स्टार्टर मारला तसा निंबावरचा एकूण एक कावळा उडाला, आणि बिस्मिल्लाबी आतून ओरडल्या, "या अल्ला! घड्याल सुधारा म्हटलं तर तोफ आणली."

त्या तोफेवर बसून डोंगरसिंग टेंभीच्या नाल्यावर आला. बाबूसिंग वरच्या बांधावर बैल चारत उभाच होता. डोंगरसिंगने त्याच्याकडे पाहून भोंगा दिला आणि पाय दाबला. आठ सिलेंडर गर्जले. आणि ते एक चाक, जे आधी गरगर फिरायचे, ते आता असे फिरले की चिखलाचा फवारा बांधापर्यंत पोहोचला. दुसरे चाक? ते आपले पूर्वीसारखेच, शांत. पूर्वी जो खड्डा खणायला पाच मिनिटे लागत तो या इंजिनाने एका मिनिटात खणून दिला.

"वाहवा!" बाबूसिंग वरून म्हणाला. "इहीर खंदाची मशीन आनली काय बे? लय झाक. माया वावरात ये एकदा. बैल आनू?"

"नोको!"

डोंगरसिंगने दुपारपासून दिवे लागेपर्यंत फावड्याने माती उपसली, पळसाच्या फांद्या घातल्या, दगड घातले, शेवटी अंगातला कोटसुद्धा चाकाखाली घातला आणि गाडी काढली. कोटाची एक बाही नाल्यातच राहिली. तेव्हापासून वर्दी एका बाहीची.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा निंबाखाली. या वेळी मिस्त्रींनी त्याला गाडीखाली आडवे घेतले आणि मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा दाखवला.

"हे काय हाय?"

"डिफरन्सल."

"नाव नको सांगू, काम सांग. नाही ना येत? ऐक. वळणावर बाहेरचं चाक जास्त चालते, आतलं कमी. म्हणून दोघाच्या मधात हा पंच बसवला हाय. वळणावर न्याय बराबर करते. पण चिखलात हा पंच बदमाश. एक चाक घसरलं, रिकामं नाचू लागलं, की समदी ताकद त्याच्याच घशात. अन् जे चाक वजन घिऊन उभं हाय, ते उपाशी. तू इंजिन मोठं केलं, तर नाचणाऱ्याचा नाच मोठा झाला. बस."

"मंग त्या पंचालेच काढून टाका न!"

मिस्त्री थोडा वेळ उताणे पडून विचार करीत राहिले. ते त्यांनी जरा जास्त वेळ करायला हवे होते. "काढता नाही येत," ते म्हणाले, "पण त्याचं तोंड बंद करता येते. अंदरचे दाते झाळून एक करून टाकू. मंग दोन्ही चाकं संगमंग. एक फिरलं का दुसऱ्याले फिराच लागते."

जिनिंगच्या वर्कशॉपात नेऊन दाते झाळून आणले. आणि काय सांगावे, त्या दिवशी टेंभीच्या चढावरून गाडी अशी वर आली की जशी म्हैस डबक्यातून उठते. दोन्ही चाकांनी एकदम माती धरली. वर बाबूसिंग बैलांसकट उभा. त्याच्या तोंडचा विडा तोंडातच राहिला. डोंगरसिंगने एका बाहीचा हात उंच करून सलाम ठोकला.

तांड्यात त्याने तीन दिवस पाय जमिनीला लावले नाहीत. मग उघाड पडली. चार दिवस कडक ऊन. रस्ता वाळून चटचट वाजायला लागला. डोंगरसिंग वणीहून रिकामी गाडी घेऊन मजेत येत होता. तांड्याच्या तोंडाशी वाट उजवीकडे वळते आणि समोर येते बाबूसिंगचे अंगण. त्याने चाक उजवीकडे फिरवले. पुढची चाके वळली, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. मागची दोन मात्र एकमेकांशी झाळलेली. बाहेरचे जास्त चालेना, आतले कमी चालेना, आणि ओल्या मातीत जे घसरून निभावत होते ते वाळलेल्या मातीत निभेना. पुढच्या चाकांचे न ऐकता मागच्यांनी गाडी नाकासमोर सरळ रेटली. पंचाचे तोंड बंद केले की वळणावर काय होते, ते त्याला त्या क्षणी समजले. पण समजून उपयोग काय! गाडी कुंपणातून शिरली, तुळशीला वाचवून, कोंबड्यांना न वाचवता पुढे गेली आणि बाबूसिंगच्या कडब्याच्या गंजीत घुसली. आत कुठेतरी कटकन आवाज झाला. मागचा एक्सल तुटला. गंजी थोडा वेळ विचार करून, मग अख्खी गाडीवर बसली.

कडब्यातून डोंगरसिंगचे डोके बाहेर आले तेव्हा समोर चार पावलांवर पवळ्या उभा होता. पवळ्याने त्याच्या कानाजवळचा कडबा ओढून खायला सुरुवात केली. डोंगरसिंग जागच्या जागी दगड झाला.

"फसली!" बाबूसिंग नाचत आला. "नाइक, या! फसली गाडी! सगाई मोडली!"

नाइक आले. त्यांनी गंजी पाहिली, डोंगरसिंगचे डोके पाहिले, बैल पाहिले. "बाबूसिंग, बैल जुंपले काय?"

"जुंपले नाई. पन गाडी फसली ना!"

"गाडी फसाची शर्त नोहोती. बैल जुंपाची होती. बैल तं जेवून राह्यले." मग ते डोंगरसिंगकडे वळले. "अन् तू. गाडी हातानं उपस, अन् गंजी पह्यल्यासारखी रचून दे. एकट्यानं."

म्हणजे शिक्षा काय, तर सासऱ्याच्या अंगणात, सासऱ्याच्या बैलांच्या शेजारी, दोन दिवस पेंढ्या रचायच्या. यापेक्षा फाशी बरी असे डोंगरसिंगला वाटले. पवळ्याने नाक फुरफुरवले की तो शिडीच्या तीन पायऱ्या आपोआप वर जायचा. गंजी त्यामुळे लवकर उंच झाली.

त्या अंगणात मानीही होती. लग्न ठरलेल्या पोरीने होणाऱ्या नवऱ्याशी बोलायचे नाही, ही तांड्याची रीत. मानी रीत पाळणारी मुलगी. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ती बकरीशी बोलली. बकरी शिडीच्या पायथ्याशी आणून बांधली आणि तिला पाला घालत घालत मोठ्याने बोलली.

"काय वं बकरे, मानसं मोठाली इंजनं आनतेत, पन त्याइले जोडी हाकाचं समजत नाई. आपला पवळ्या नाई काय, लय तडतड्या. तो पुढी पळते अन् शेंड्या मागं राह्यते. मंग गाडी वाकडी होते. आता बापू काय करते? शेंड्याले मारते काय? कद्दीच नाई. पवळ्याचा कासरा वढते. पळत्याले धरलं का बसल्याले आपसूक वढाच लागते. पन दोघाचे पाय एका दोरीनं बांधून टाकाचे, हे आपल्या बापजन्मात कोनं केलं नाई, हो ना वं? मंग वळनावर गंजीतच जाचं काम."

बकरी पाला चघळत राहिली. शिडीवर मात्र एक पेंढी हवेतच थांबली.

डोंगरसिंग त्याच संध्याकाळी पायी वणीला निघाला. मिस्त्री जेवायला बसले होते. त्याने घास खाली ठेवायला लावला.

"चाचा, पंचाचं तोंड उघडा. झाळ काढा, नवे दाते टाका. अन् हातब्रेकच्या तारा मागच्या दोन्ही चाकाले जातेत ना? त्या येगयेगळ्या करा. डाव्याचा एक दांडा, उजव्याचा एक दांडा. जे चाक नाचन त्यालेच आवळाचं. त्याले धरलं का ताकद कुठी जाईन?"

मिस्त्रींचा हात ताटावरच थांबला. ताकद कुठे जाईल ते त्यांनी मनात फिरवून पाहिले. "दुसऱ्या चाकात," ते हळूच म्हणाले. "और कहाँ जाएगी! अबे डोंगऱ्या, हे तुले कोनं सांगतलं?"

"बकरीनं."

"बकरी की शागिर्दी करो," आतून बिस्मिल्लाबी म्हणाल्या. "शायद घड्याल भी सुधरेगा."

मिस्त्रींनी येऊन अंगणातच नवा एक्सल घातला. मग गाडी वणीला नेऊन दाते आणि दोन दांडे बसेपर्यंत पोळा तोंडावर आला. आणि पोळ्याच्या आदल्या दिवसापासून जो पाऊस लागला तो थांबेना. पोळ्याचा साज वणीतच अडकला: झुली, घुंगरू, शिंगांचे बेगड, गोंडे, वर गूळ आणि खोबरे. आणायचा कशावर? आदल्या दिवशीच्या खांदेमळणीपासून बैलांच्या मानेवर जू ठेवायचे नाही, मग कितीही अडो. पोळ्याला बैल कामाला लावला तर त्या माणसाच्या घरचे पाणीही कुणी पिणार नाही. म्हणजे उरली एकच मोटार. साऱ्या तांड्याचे बैल धुऊन-पुसून उघडेबोडके उभे, आणि त्यांत सगळ्यात उघडा पवळ्या. कारण बाबूसिंगने या वर्षी आरशांची झूल मागवली होती. बाबूसिंग सकाळपासून नाल्याच्या बांधावर येरझारा घालत होता. गाडी येऊ नये असेही त्याला वाटत होते आणि आल्यावाचून राहू नये असेही. असा माणूस फार चिडलेला असतो.

दुपारी इंजिनाचा आवाज आला. अख्खा तांडा बांधावर जमला. डोंगरसिंग नाल्यात उतरला, पाणी पार केले, चढाला लागला, आणि अर्ध्या चढावर, जिथे नेहमी व्हायचे तिथेच, ते झाले. डावे चाक नाचायला लागले. उजवे बसले.

डोंगरसिंगच्या हाताशी दोन दांडे होते. दांड्यांना लांब दोऱ्या बांधल्या होत्या, जोराने ओढता याव्यात म्हणून. मिस्त्रींनी दहादा घोकून घेतले होते: नाचणाऱ्याला धर. पण वर दोनशे माणसे, मध्ये मानी, पुढे बाबूसिंग! आणि जन्मात कधी कासरा न धरलेला माणूस. त्याला वाटले, जे बसले आहे त्यालाच हाणले पाहिजे. त्याने उजवी दोरी ओढली. बसलेले चाक आणखी घट्ट बसले. डावे दुप्पट नाचले. आठ सिलेंडर ओरडले आणि चिखलाची एक मोठी धार बाबूसिंगच्या नव्या धोतरावर आली.

"अबे कोनाले धरून राह्यला!" बाबूसिंग ओरडला. "पळत्याले धर! पळत्याले!"

डोंगरसिंगने घाबरून दोन्ही दोऱ्या ओढल्या. गाडी गपकन थांबली आणि वीतभर मागे घसरली. झुलींचे गाठोडे पाण्याकडे कलंडले.

"झूल!" बाबूसिंग किंचाळला. आणि मग जे झाले ते त्याने ठरवून केले नाही. चांगल्या गवयापुढे कुणी बेसूर गायला लागले की त्याला राहवत नाही, तसे ते. चाळीस वर्षे जोडी हाकलेल्या माणसाला ती वाकडी हाक बघवेना. तो धोतर खोचून चिखलात उतरला, दार उघडून आत चढला आणि डोंगरसिंगच्या हातातून दोन्ही दोऱ्या हिसकावल्या.

"हट! तू निस्ता पाय दे. हळू! ताकद दावू नको, लय ताकद हाये तुयापाशी. हळू म्हन्लं ना!"

डोंगरसिंगने पाय हलका केला. बाबूसिंगने मान बाहेर काढून दोन्ही चाके पाहिली, जीभ टाळूला लावून टक् टक् केले आणि डावी दोरी अशी आवळली, जशी पवळ्याची. पुरती नाही, नुसती आठवण द्यायला. नाचरे चाक अडखळले. उजवे हलले. हलले आणि त्याने माती धरली.

"हां! आला माया शेंड्या. चाल रे राजा!" गाडी हातभर वर आली. आता उजवे निसटले, उजवी दोरी. मग डावे, डावी दोरी. "हो-हो-हो... धिरानं... पवळ्या, लेका, तोऱ्यात येऊ नको!" एका चढावर बाबूसिंगने त्या लोखंडाला इतक्या शिव्या आणि इतकी माया दिली, की तेवढी त्याने बायकोलाही कधी दिली नसेल. आणि गाडी वर आली. बांधावर सरळ उभी राहिली, झुलींसकट, गुळासकट.

तांड्याने एकच आरोळी ठोकली. बाबूसिंग दारातून उतरला, चिखलाने माखलेला, छाती पुढे. "पाह्यलं? कोनं काढली? म्या काढली! याच्या बापाच्यानं निंगाली असती काय? नाइक, शर्त म्या जितली!"

धावजी नाइकांनी मिशीवरून हात फिरवला. "तू काढली?"

"दोनशे मानसाइनं पाह्यलं."

"बराबर. पन शर्त होती बैल जुंपाची. तुये बैल तं तोरनाखाली उभे हायेत. पोळ्याच्या दिवशी त्याइले कोन हात लावन?" नाइकांनी बाबूसिंगला वरून खाली न्याहाळले. "आता एकच बाब राह्यली. तू जर म्हनशीन का म्या बैल हावो, तं तुले जुंपलं होतं असं धरू. मंग सगाई मोडली. बोल बाबूसिंग. तू मानूस का बैल?"

बाबूसिंग धोतरावरचा चिखल खरवडू लागला. मागून मानीचा आवाज आला, बकरीशी बोलत होती: "आईक वं, बापू काय म्हनते ते नीट आईक."

दोनशे माणसांसमोर, वर्षातून ज्या एका दिवशी बैलाला माणसापेक्षा जास्त मान असतो त्या दिवशीसुद्धा, बाबूसिंगला 'मी बैल' असे म्हणवेना. "मानूस," तो पुटपुटला.

"ठरलं," नाइक म्हणाले. "सगाई राह्यली. अन् डोंगरसिंग, तू चुकीची दोरी वढली. त्याचा दंड, पवळ्याले झूल तू घालाची. आपल्या हातानं."

डोंगरसिंगने पवळ्याला झूल घातली. डोळे मिटून घातली, त्यामुळे आरसे आतल्या बाजूला आले, पण घातली.

फागुनात लग्न झाले. त्यानंतरचा कोणताही पावसाळा डोंगरसिंगने एकट्याने गाडी चालवली नाही. मृगाचे ढग दिसले की बाबूसिंग पान लावून, पागोटे बांधून गाडीत शेजारी येऊन बसे आणि दोन्ही दोऱ्या हातात घेई. त्याला खाली उतरवायची कुणाची छाती नव्हती. पुढे साठ साली राज्याचे नाव बदलले आणि यवतमाळहून एक साहेब गाड्या तपासायला आला. त्याने ते दोन दांडे पाहून विचारले, हे काय? डोंगरसिंग 'जादा ब्रेक, साहेब' म्हणेपर्यंत बाबूसिंगने सांगून टाकले, "कासरे. हा मोटार चालवते, म्या हाकतो."

आणि पोळा. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला डोंगरसिंगला वणीची एक पक्की फेरी होती. पहाटे उठून गाडीशी आला तर दांड्यांना दोऱ्याच नाहीत. त्या बैलांच्या कासऱ्यांशेजारी खुंटीला टांगलेल्या, धुऊन, हळद लावून. गाडीच्या लांब नाकावर बेगड, भोंग्याला गोंडा.

"मामा, हे काय? मले जाचं हाये!"

"आज कोनाच्याच मानेवर जू नाई," बाबूसिंग म्हणाला.

"हे बैल नोहे, मामा. मोटार हाये."

"तांडा याले काय म्हन्ते? तिसरा बैल. म्या नाव नाई ठेवलं, तांड्यानं ठेवलं. बस गुमान."

घरातून मानी पुरणाची पोळी घेऊन आली. आता तिला बकरीची गरज नव्हती, पण सवय म्हणून तिने आधी बकरीकडे पाहिले आणि मग म्हणाली, "सांग त्याइले, खाऊन घ्या म्हना."

डोंगरसिंग मडगार्डवर बसून पोळी खायला लागला. मागून पवळ्या आला आणि त्या एका बाहीच्या, घामाने खारट झालेल्या कोटाची मान चाटू लागला. डोंगरसिंगने पोळी छातीशी धरली. समोर बाभूळ होती, चढायला सोपी. तो उठला नाही. नुसता, अगदी हळू, मडगार्डवर हातभर पुढे सरकला. पवळ्याही हातभर पुढे सरकला.